निश्चयक शून्य आला, आता पुढे काय?

विट्याच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्यानं विचारलंय. तीन समीकरणं, तीन चलं, आणि तिसऱ्या समीकरणात दोन अक्षरं मोकळी सोडलेली:

क्ष + २य + झ = ८
२क्ष + ३य + ४झ = २०
३क्ष + ५य + कझ = म

क आणि म यांच्या कोणत्या किमतींना एकच उत्तर मिळतं, कोणत्या किमतींना अनंत उत्तरं मिळतात आणि कधी उत्तरच नसतं? त्यानं क = ५ आणि म = २८ घालून क्रेमरच्या, म्हणजे निश्चयकांच्या, पद्धतीनं सोडवायला घेतलं, तर चारही निश्चयक (सहगुणकांच्या चौकटीवरून काढायचे आकडे: मुख्य एक आणि दर चलाचा एकेक) शून्य आले. त्यानं लिहिलं 'उत्तर नाही'. मित्रानं लिहिलं 'अनंत उत्तरं, कारण चारही निश्चयक शून्य आहेत'. आता दोघांचं जुंपलंय. शिवाय त्याला हेही हवंय की परीक्षा सोडून हे कुठं लागतं का, आणि कॉम्प्युटर क्रेमरच वापरतो का.

मित्राचं उत्तर बरोबर आहे. कारण चूक आहे. पेपर तपासताना अशा उत्तरांनी मला कायम पेचात टाकलंय, कारण बाजारातल्या बऱ्याच गाइडांत हेच कारण छापलेलं असतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

हे तीन ओळींचं उदाहरण घे:

क्ष + य + झ = १
क्ष + य + झ = २
क्ष + य + झ = ३

मुख्य निश्चयकाच्या तिन्ही ओळी सारख्या, म्हणजे तो शून्य. क्ष चा निश्चयक काढायला पहिला स्तंभ बदलून १, २, ३ घातलेस तरी उरलेले दोन स्तंभ सारखेच राहतात, म्हणजे तोही शून्य. य आणि झ चं तेच. चारही निश्चयक शून्य आले, पण शेंबडं पोरही सांगेल की एकच बेरीज एकाच वेळी १, २ आणि ३ असू शकत नाही. उत्तर नाही. तेव्हा 'सगळे निश्चयक शून्य म्हणून अनंत उत्तरं' हा नियम तीन चलांत लागू पडत नाही. दहावीला दोन चलांत तो चालून जातो, कारण तिथं दोन्ही समीकरणं खऱ्याखुऱ्या रेषांची असली की समांतर रेषा आणि एकच रेषा यांतला फरक निश्चयकांना कळतो. तिसरं चल आलं की समांतर पातळ्यांसारख्या नव्या भानगडी येतात आणि निश्चयक आंधळे होतात. क्रेमरचा नियम एवढंच सांगतो: मुख्य निश्चयक शून्य नसेल तर उत्तर एकच आहे, आणि ते असं काढायचं. शून्य आला की क्रेमर हात वर करतो. त्याच्यापुढे तो काही बोलतच नाही, आपण त्याच्या तोंडी घालतो.

अशा वेळी काय करायचं? शाळेपासून जे करतोस तेच, चलाचा लोप. फक्त शिस्तीत.

पहिली ओळ तशीच ठेव. दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा कर: −य + २झ = ४. तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा कर: −य + (क − ३)झ = म − २४. आता क्ष फक्त पहिल्या ओळीत उरला. नव्या तिसरीतून नवी दुसरी वजा कर:

(क − ५)झ = म − २८

तुझा अख्खा प्रश्न या एका ओळीत येऊन बसला. क पाच नसेल तर (क − ५) नं भागता येतं, झ मिळतो, झ वरून य, य वरून क्ष. उत्तर एकच, म काहीही असो. क पाच असेल तर डावीकडे शून्य. मग म अठ्ठावीस असेल तर ओळ ० = ० अशी होते, म्हणजे तिसऱ्या समीकरणानं नवीन काही सांगितलंच नव्हतं. अनंत उत्तरं. म अठ्ठावीस नसेल, समज ३० असेल, तर ओळ ० = २ अशी होते. उत्तर नाही. हे तीन निर्णय लिहिलेस की झालं. निश्चयक एकही काढावा लागला नाही.

आता मूळ समीकरणांकडे परत बघ. पहिल्या दोन समीकरणांची सरळ बेरीज कर: ३क्ष + ५य + ५झ = २८. पेपर काढणाऱ्यानं काय केलंय ते आलं ना लक्षात? तिसरं समीकरण पहिल्या दोघांच्या बेरजेवरून बेतलंय आणि दोन आकड्यांच्या जागी अक्षरं घातलीयत. क = ५, म = २८ म्हणजे तेच बोलणं पुन्हा. क = ५ पण म = ३० म्हणजे पहिल्या दोघांनी २८ म्हटल्यावर तिसऱ्यानं ३० म्हणून भांडण काढणं. मी वर्गात हेच सांगत आलो: समीकरणं किती आहेत ते मोजू नका, त्यांतली किती नवीन काही सांगतात ते मोजा. त्या मोजणीला रँक म्हणतात. रँक काढायची वेगळी पद्धत पाठ करायची गरज नाही. लोप करत गेलास की ज्या ओळी शून्य झाल्या नाहीत तेवढी रँक.

भूमितीत बघायचं तर दर समीकरण म्हणजे अवकाशातली एक सपाट पातळी. क = ५, म = २८ ला तिन्ही पातळ्या एकाच रेषेतून जातात, वहीची तीन पानं शिवणीवर मिळावीत तशा. म = ३० केलास की तिसरी पातळी स्वतःला समांतर राहून थोडी सरकते. मग दोन-दोन पातळ्या एकमेकींना छेदतात, पण तिन्ही मिळून कुठंच भेटत नाहीत. तीन समांतर छेदरेषा तयार होतात. जोडीजोडीनं सगळं ठीक आणि तिघांना मिळून उत्तर नाही, हा प्रकार दहावीच्या दोन रेषांच्या आलेखात कधी दिसत नाही. म्हणून मुलं इथं गांगरतात.

'अनंत उत्तरं' एवढं लिहून पेन खाली ठेवू नकोस. अर्धे मार्क तिथं जातात. अनंत म्हणजे वाटेल ते नव्हे. झ = ट धर. दुसऱ्या ओळीवरून य = २ट − ४, पहिलीवरून क्ष = १६ − ५ट. ट = ३ घातलास तर (१, २, ३) हे उत्तर मिळतं; तिन्ही समीकरणांत घालून बघ. ट = २ ला (६, ०, २). (०, ०, ०) मात्र या यादीत कधीच येणार नाही. आणि चलं जर वस्तूंची संख्या असतील, म्हणजे ऋण नकोत आणि अपूर्णांकही नकोत, तर ट ला २ आणि ३ सोडून तिसरी किंमतच चालत नाही. अनंतातून दोन उरली.

ही अडचण आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' या ग्रंथात घातलेलं एक उदाहरण असं: एकाकडे ५ माणकं, ८ नीळ, ७ मोती आणि रोख ९०, दुसऱ्याकडे ७ माणकं, ९ नीळ, ६ मोती आणि रोख ६२, दोघांची संपत्ती सारखी, तर दर रत्नाची किंमत सांग. अज्ञात तीन, समीकरण एक. दोन्ही बाजूंचं वजा करून टाकलं की उरतं ते एवढंच: दोन माणकं आणि एक नीळ मिळून, त्यातून एक मोती वजा केला की २८. माणिक १४, नीळ १, मोती १ चालतं. १३, ३, १ पण चालतं. दोन चलांना आपण किंमत द्यायची, तिसरं आपोआप मिळतं. आपण वर ट धरला तो याच जातीचा.

आता तुझा दुसरा प्रश्न, हे कुठं लागतं. तुझं घर विट्याला म्हणजे ऊस किंवा द्राक्ष घरात नाही तर शेजारी असणारच. खताच्या दुकानात जाऊन उभा राहा.

सुरू उसाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. (एकदम ओतायचं नसतं, हप्ते असतात, आपण एकूण हिशेब करतोय.) ही तीन समीकरणांची उजवी बाजू. चलं म्हणजे कुठलं खत किती किलो. सहगुणक पोत्यावरच छापलेले असतात: युरियात ४६ टक्के नत्र, डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश.

युरिया, डीएपी आणि पोटॅश ही तिकडी घेतली तर गणित लोप करूनच हातात येतं. स्फुरद फक्त डीएपीत आहे, म्हणून ११५ भागिले ०.४६ म्हणजे २५० किलो डीएपी. पालाश फक्त पोटॅशमध्ये, म्हणून ११५ भागिले ०.६० म्हणजे साधारण १९२ किलो. डीएपीतून ४५ किलो नत्र आलंच, उरलं २०५, त्याला ०.४६ नं भागलं की साधारण ४४६ किलो युरिया. दुकानदार हे तोंडी करतो. आपण लोप करून समीकरणांना जो जिना आणतो, तो इथं आयताच मिळाला.

डीएपी मिळेना झालं की खरी मजा. दुकानात १०:२६:२६ आणि १२:३२:१६ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमानं टक्क्यांत) शिल्लक आहे, आणि माती तपासणीच्या अहवालावरून पालाश पाऊणपट, म्हणजे ८६.२५ किलो द्यायचं ठरलंय असं धर. १२:३२:१६ हे क्ष किलो, १०:२६:२६ हे य किलो. टक्के काढून टाकायला शंभरनं गुणलं:

स्फुरद: ३२क्ष + २६य = ११५००
पालाश: १६क्ष + २६य = ८६२५

वजाबाकी केली की १६क्ष = २८७५, क्ष साधारण १८० किलो. मग २६य = ५७५०, य साधारण २२१ किलो. या दोघांतून साधारण ४४ किलो नत्र येतं, उरलेल्या २०६ साठी साधारण ४४९ किलो युरिया. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं असतं, मिश्रखताचं ५० किलोचं. पोती पूर्ण धरताना थोडं इकडं-तिकडं होणारच, पिकाला त्याचं काही वाटत नाही.

हीच दोन खतं घेऊन पालाश स्फुरदापेक्षा जास्त मागितलंस तर? समज स्फुरद १०० आणि पालाश १५० हवंय. वजाबाकी केलीस की १६क्ष = −५०००, क्ष = −३१२.५. वहीत हे उत्तर शंभर टक्के बरोबर, मार्क पूर्ण. दुकानात उणे तीनशे किलो खत कोण देणार? कारण साधं आहे. एका पोत्यात स्फुरद पालाशाच्या दुप्पट, दुसऱ्यात दोन्ही सारखं. ही दोन कशीही मिसळली तरी पालाश स्फुरदाच्या पुढे जाणार नाही. उणे उत्तरानं तेच सांगितलं: या दोन पोत्यांत जमत नाही, पोटॅशचं वेगळं पोतं आणा. कागदावर ऋण उत्तर आलं की मुलं खोडून पुन्हा गणित करतात. आधी त्याचा अर्थ काय ते विचारावं.

आणि निश्चयक शून्य होतो ती वेळही इथंच सापडते. दुकानात फक्त युरिया, १५:१५:१५ आणि १०:२६:२६ आहे. १५:१५:१५ हे क्ष किलो आणि १०:२६:२६ हे य किलो धरले की स्फुरदाचं समीकरण १५क्ष + २६य आणि पालाशाचंही १५क्ष + २६य. डावी बाजू जशीच्या तशी, कारण दोन्ही पोत्यांत स्फुरद आणि पालाश समसमान. उजवीकडे शिफारशीप्रमाणे दोन्हीकडे ११५०० असेल तर अनंत उत्तरं. पालाश पाऊणपट करून ८६२५ केलंस की उत्तर नाही. तुझ्या क = ५ च्या गणितातल्या दोन्ही शक्यता, म = २८ आणि म वेगळा, इथं दोन वाक्यांत उभ्या राहिल्या.

अनंत उत्तरांतलं शेतकऱ्यानं कुठलं घ्यायचं? एका टोकाला १५:१५:१५ अजिबात नको: १०:२६:२६ साधारण ४४२ किलो आणि युरिया ४४७ किलो. दुसऱ्या टोकाला १०:२६:२६ नको: १५:१५:१५ साधारण ७६७ किलो आणि युरिया २९३ किलो. या दोन टोकांच्या मधलं काहीही चालतं, पिकाला तिन्ही अन्नद्रव्यं तेवढीच मिळतात. मग निवड पैशावर. दोन्ही टोकांचा खर्च त्या दिवशीच्या भावानं काढायचा आणि स्वस्त ते घ्यायचं. मधली उत्तरं तपासायची गरज नाही, कारण मधल्या मिश्रणाचा खर्च दोन्ही टोकांच्या खर्चांच्या मधेच पडतो. पुढे लिनिअर प्रोग्रामिंग शिकशील तेव्हा पहिल्या तासाला हेच सांगतील, फक्त मोठ्या शब्दांत. 'अनंत उत्तरं' म्हणजे गणित फसलं असं नाही, तिथं निवडीला जागा आहे.

डिप्लोमाला तुझी शाखा इलेक्ट्रिकल असेल तर आणखी एक ठिकाण सांगून ठेवतो. सर्किटातल्या प्रत्येक जोडावर किर्चॉफच्या नियमानं प्रवाहाचं समीकरण लिहायचं असतं. हुशार मुलं उत्साहानं एकूणएक जोडांवर लिहितात आणि निश्चयक शून्य आला की आकडेमोड तपासत बसतात. आकडेमोड बरोबर असते. एका जोडातून निघालेला प्रवाह दुसऱ्यात शिरतोच, म्हणून सगळ्या जोडांची समीकरणं बेरजेला घातली की ० = ० उरतं. शेवटचं समीकरण आधीच्यांतून आपोआप निघतं. एक जोड जमिनीला धरायचा, त्याचा दाब शून्य मानायचा आणि त्याचं समीकरण गाळायचं. पाण्याच्या पाइपांच्या जाळ्यातही तसंच.

आता कॉम्प्युटर. नाही, तो क्रेमर वापरत नाही. क्रेमरनं नियम प्रसिद्ध केला १७५० साली, आणि दोन चलांना तो झकास आहे, तीनला चालतो, चारला हात दुखतात. निश्चयक पूर्ण उलगडून काढायचा म्हटलं तर २० चलांना २१ निश्चयक, आणि दर निश्चयकात २० फॅक्टोरियल (१ ते २० या सगळ्यांचा गुणाकार) पदं. एकूण २१ फॅक्टोरियल, म्हणजे ५ वर १९ शून्यं इतकी पदं. सेकंदाला शंभर कोटी पदं उरकणारं मशीन लावलंस तरी सोळाशे वर्षं जातील. लोप पद्धतीला त्याच २० चलांना तीन हजारांच्या आसपास गुणाकार पुरतात. मोबाइलला तेवढं करायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. निश्चयक लोप पद्धतीनंच काढला तर क्रेमरही सुटतो, पण मग लोप एकदाच करून थेट उत्तर का काढू नये?

या लोप पद्धतीला जर्मन गणिती गाउसचं नाव आहे, पण ती त्याच्याही फार आधीची. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी मोजणीच्या काड्या मांडून, रकान्यांमागून रकाने वजा करून धान्याची गणितं अशीच सोडवत. पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत नंपाय या गणिताच्या संचातलं सॉल्व्ह हे फंक्शन चालवलंस तर आतून हीच पद्धत चालते. एक सुधारणा असते, ती मात्र समजून घे, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

०.०००१क्ष + य = १
क्ष + य = २

खरं उत्तर: क्ष साधारण १.०००१, य साधारण ०.९९९९. म्हणजे दोन्ही जवळजवळ १. आता असं समज की मशीनला तीनच सार्थ अंक ठेवता येतात. पहिल्या ओळीला १०००० नं गुणून दुसरीतून वजा केलं की −९९९९य = −९९९८. तीन अंकांत दोन्हींचे होतात −१००००. म्हणून य = १. ठीक. पहिल्या ओळीत घाल: ०.०००१क्ष = ०, म्हणून क्ष = ०. खरं उत्तर १ आणि आलं ०! कुठं चुकलं? दुसऱ्या ओळीतला २ हा आकडा दहा हजारांच्या गोंगाटात बुडाला. आता फक्त ओळींची अदलाबदल कर, मोठा सहगुणक असलेली ओळ वर घे. ०.०००१ पट वजा केली की ०.९९९९य = ०.९९९८, तीन अंकांत य = १, आणि क्ष = २ − १ = १. काम झालं. दर टप्प्याला त्या स्तंभातला, चिन्ह सोडून, सगळ्यांत मोठा आकडा वर आणायचा, एवढंच कॉम्प्युटर जादा करतो. याला पिव्होटिंग म्हणतात. हातानं अपूर्णांक ठेवून सोडवताना याची गरज पडत नाही. तिथं उलट १ असलेली ओळ वर घ्यावी, भागाकार वाचतात.

पिव्होटिंग करूनही एक दुखणं राहतंच, आणि ते पद्धतीचं नाही, समीकरणांचंच आहे.

क्ष + य = २
क्ष + १.०१य = २.०१

उत्तर (१, १). आता दुसऱ्या ओळीत २.०१ ऐवजी २.०२ लिही. उत्तर होतं (०, २). उजवी बाजू अर्धा टक्काही हलली नाही आणि उत्तर पार पालटलं. निश्चयक शून्य नाही, ०.०१ आहे, दोन रेषा समांतर नाहीत, पण इतक्या तिरक्या छेदतात की छेदबिंदू नक्की कुठं हे रेषेच्या जाडीतच हरवतं. उजवी बाजू जर वजनकाट्यावरून किंवा मीटरवरून आलेली असेल आणि त्यात शेकड्याला अर्ध्याची चूक असणार हे माहीत असेल, तर अशा दोन समीकरणांवरून काढलेलं उत्तर दाखवायला सुद्धा ठेवू नये. इथं ताळाही फसवतो. (०, २) हे उत्तर २.०१ च्या मूळ समीकरणांत घाल: पहिलं तंतोतंत जुळतं, दुसऱ्यात ०.०१ चा फरक. ताळा जवळजवळ जुळला म्हणून उत्तर जवळजवळ बरोबर, असं म्हणायची सोय नाही. उपाय एकच, मोजमापच वेगळं घ्यायचं, अशी समीकरणं शोधायची की रेषा एकमेकींना आडव्या छेदतील. प्रयोगशाळेत वाचनं घेताना दोन वाचनं एकमेकांच्या फार जवळ घेऊ नका असं सांगतात, त्याचं कारण हे.

शेवटी परीक्षेपुरती एक सवय सांगतो. कॅल्क्युलेटर येण्याआधीचे हिशेबनीस ती वापरत आणि आजकाल कुणी शिकवत नाही. सहगुणक मांडताना उजवीकडे एक जादा रकाना ठेव आणि त्यात त्या ओळीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज लिही, उजव्या बाजूसकट. तुझ्या गणितात पहिली ओळ १, २, १, ८, बेरीज १२. दुसरी २, ३, ४, २०, बेरीज २९. क = ५, म = २८ धरलं तर तिसरी ३, ५, ५, २८, बेरीज ४१. ओळींवर जी क्रिया करशील तीच या रकान्यावरही कर. दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा केली: नवी ओळ ०, −१, २, ४. तिची बेरीज ५. रकान्यातला आकडा २९ − २४, तोही ५. तिसरीतून तिप्पट वजा केली: ०, −१, २, ४, बेरीज ५, रकान्यात ४१ − ३६, म्हणजे ५. जुळलं. जिथं जुळणार नाही त्याच ओळीत चूक आहे. अख्खं गणित पहिल्यापासून तपासत बसावं लागत नाही. ऋण चिन्हाच्या निम्म्याअधिक चुका इथंच सापडतात.

आणि तुझ्या मित्राला सांग, उत्तराला पूर्ण मार्क हवे असतील तर कारणात 'चारही निश्चयक शून्य' खोडून लिहायचं: 'तिसरं समीकरण हे पहिल्या दोघांची बेरीज आहे, म्हणून रँक २, चलं ३; झ = ट धरून क्ष = १६ − ५ट, य = २ट − ४.'